ऑक्सिजन लावला, तरी आकडा का चढत नाही?

मे २०२१ मध्ये बांबोळीच्या इस्पितळातला ऑक्सिजन पुरवठा थेट मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला, तेव्हा गोव्यात जो तो सिलिंडर, टँकर आणि पाइपमधला दाब यांवरच बोलत होता. ते रास्तच होते. पण त्या गदारोळात एक वेगळा प्रश्न मागे पडला. पुरवठा सुरळीत आहे, मास्क नीट बसला आहे, लिटर वाढवत नेले आहेत, तरी काही रुग्णांच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीचा, आकडा ८८-८९ च्या पुढे सरकत नाही. असे का व्हावे?

नातेवाइकांना बहुधा एकच उत्तर मिळते: फुप्फुसे खराब झाली आहेत. दहातल्या बहुतेक वेळा ते खरेही असते. काही रुग्णांत मात्र हे उत्तर अर्धेच असते आणि उरलेले अर्धे हृदयात सापडते. जन्मापासून तिथे असलेली, कधी त्रास न दिलेली, कुठल्याच तपासणीत न दिसलेली एक फट विषाणूजन्य न्यूमोनियात अचानक महत्त्वाची होऊन बसते. हा लेख त्या फटीबद्दल आहे. वाचून झाल्यावर कुणी उद्या सकाळी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायला धावू नये. का धावू नये, तेही पुढे येईलच.

आधी रक्ताचा नेहमीचा रस्ता पाहू. शरीरभर फिरून ऑक्सिजन वापरून झालेले रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येते. तिथून ते फुप्फुसांत जाते, वायुकोशांच्या, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्यांच्या, भोवतालच्या केसापेक्षाही बारीक वाहिन्यांतून सरकताना ऑक्सिजन भरून घेते, मग डाव्या बाजूला येते आणि पुन्हा शरीरात ढकलले जाते. उजवी आणि डावी बाजू यांच्यामध्ये पडदा असतो. उजवीकडच्या रक्ताला डावीकडे जायचे तर फुप्फुसांतूनच जावे लागते, असा नियम आहे. शाळेत आपण इतकेच शिकलो.

पण जन्माआधी हा नियम लागू नसतो. आईच्या पोटात बाळाची फुप्फुसे पाण्याने भरलेली असतात, श्वास चाललेला नसतो. ऑक्सिजन मिळतो तो वारेतून, नाळेवाटे. हे चांगले रक्त बाळाच्या हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात येते. ते बंद फुप्फुसांकडे पाठवून उपयोग काय? म्हणून वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक वाट ठेवलेली असते. तिच्यातून बरेचसे रक्त सरळ डावीकडे जाते आणि मेंदूपर्यंत पोचते. या वाटेला डॉक्टर फोरामेन ओव्हाले म्हणतात. तिच्या डाव्या अंगाला एक पातळ पापुद्रा असतो, तो फक्त डावीकडेच उघडू शकतो.

मांडवीच्या आणि जुवारीच्या काठची खाजन शेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा पापुद्रा समजावून सांगावा लागणार नाही. बांधातल्या मानशीचे, म्हणजे पाणी सोडायच्या वाटेचे, लाकडी दार असेच चालते. ओहोटीला शेताकडचे पाणी वरचढ झाले की दार नदीकडे उघडते आणि पाणी निघून जाते. भरतीला नदीचे पाणी चढले की तेच पाणी दाराला बाहेरून दाबून धरते, खारे पाणी शेतात शिरत नाही. उघडझाप करायला कुणी माणूस उभा नसतो. कुठल्या बाजूला पाणी चढ आहे, एवढ्यावर सगळे ठरते.

बाळ जन्मते, पहिला श्वास घेते, फुप्फुसे उघडतात. त्यांच्यातून भरपूर रक्त डावीकडे येऊ लागते, डाव्या कप्प्यातला दाब उजव्यापेक्षा वर जातो आणि पापुद्रा पडद्यावर दाबला जातो. पुढच्या महिन्यांत तो बहुतेकांत तिथेच चिकटून कायमचा बंद होतो. बहुतेकांत, सगळ्यांत नाही. साधारण चारातल्या एका माणसात तो नुसता दाबलेला राहतो, चिकटत नाही. यालाच पीएफओ (पेटंट फोरामेन ओव्हाले, म्हणजे न मिटलेली ही वाट) म्हणतात.

चारात एक! म्हणजे गणेश चतुर्थीला आरतीला उभ्या राहिलेल्या वीस जणांत अशी पाचेक माणसे सहज असतील, घुमट वाजवणाराही कदाचित त्यांतलाच असेल. त्यांना काही होत नाही. डावीकडचा दाब पापुद्रा दाबून धरतो, रक्त इकडून तिकडे जात नाही, छातीला नळी लावून आवाज ऐकू येत नाही, ईसीजीत काही दिसत नाही. त्यामुळे याला आजार म्हणायलाही मी तयार नाही. शरीराच्या बांधणीतला तो एक प्रकार आहे. गोंधळ तेव्हा होतो, जेव्हा उजवीकडचा दाब चढतो.

तो चढवायचे काम न्यूमोनिया करतो.

कोविड असो, इन्फ्लुएन्झा असो, २००९ च्या साथीपासून आपल्या ओळखीचा झालेला एच१एन१ असो, विषाणू फुप्फुसात खोल उतरला की वायुकोशांना सूज येते, त्यांत द्रव भरतो. द्रवाने भरलेल्या वायुकोशात हवा पोचत नाही. आता फुप्फुसाला एक मोठी शहाणी सवय आहे. ज्या भागात ऑक्सिजन नाही, त्या भागाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या ते आवळून घेते, म्हणजे रक्त तिकडे फुकट न जाता चांगल्या भागाकडे वळते. स्वीडनमधल्या फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवून दिले. छोटासा भाग आजारी असेल तर ही युक्ती उत्तम चालते. पण दोन्ही फुप्फुसांचा मोठा भाग एकाच वेळी आजारी असला, तर इतक्या वाहिन्या एकदम आवळल्या जातात की उजव्या हृदयाला रक्त पुढे ढकलणे जड जाते. कोविडमध्ये भर म्हणून फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत गुठळ्याही होतात. दाब मागे साचत जातो, खालच्या कप्प्यातून वरच्या कप्प्यात. उजवीकडचा दाब डावीकडच्याहून वर गेला, मग तो काही क्षणच का असेना, की पापुद्रा उघडतो. ऑक्सिजन न मिळालेले रक्त फुप्फुसांना बगल देऊन थेट डावीकडे जाते.

खोकल्याची उबळही हेच करते. जोर लावून खोकताना छातीतला दाब वाढतो. उबळ सुटते त्या क्षणी अडून राहिलेले रक्त उजव्या कप्प्यात धावते आणि पापुद्रा क्षणभर उचलला जातो. कुंथताना, जड ओझे उचलताना, लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट फुंकतानासुद्धा हे घडू शकते. निरोगी माणसात हे क्षणभराचे गळणे कुणाच्या लक्षातही येत नाही. दिवसरात्र खोकणाऱ्या, आधीच ऑक्सिजन कमी असलेल्या रुग्णात मात्र त्याचा हिशेब लागतो.

हा हिशेब आकड्यांत मांडून पाहू, कारण आकडा का चढत नाही याचे खरे उत्तर त्यातच आहे.

फुप्फुसातून नीट भरून आलेल्या रक्ताची ऑक्सिजन पातळी ९८ टक्के धरू. शरीरातून परत आलेल्या, वापरलेल्या रक्ताची निरोगी माणसात ७५ च्या आसपास असते. आजाऱ्याची आपण ६५ धरू. समजा एका रुग्णात १०० पैकी ८५ भाग रक्त चांगल्या वायुकोशांतून गेले आणि १५ भाग द्रवाने भरलेल्या वायुकोशांजवळून रिकामेच परतले. दोन्ही मिसळले की ९३ येतात. आता दुसरा रुग्ण घ्या. फुप्फुसांची अवस्था तीच, सीटी स्कॅनमध्ये दोघांत फरक दिसणार नाही. पण याच्या हृदयातून आणखी १५ भाग रक्त बगल देऊन गेले. आता ७० भाग ९८ चे आणि ३० भाग ६५ चे. मिसळून ८८. पाच अंकांचा हा फरक हृदयातल्या फटीने पाडला, आणि सीटी स्कॅन त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही.

मग ऑक्सिजन वाढवला तर? वाढवलेला ऑक्सिजन फक्त त्याच रक्ताला मिळतो जे फुप्फुसांतून जाते, आणि ते आधीच ९८ वर आहे. हिमोग्लोबिन १०० च्या वर भरता येत नाही. साधारण १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिनला धरून २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो; शुद्ध ऑक्सिजन दिला तर रक्तात नुसता विरघळून आणखी जेमतेम दोन मिलिलिटर जातो. हे दोन मिलिलिटर थोडे कामी येतात, नाही असे नाही. पण बगल देणारे रक्त जितके जास्त, तितका त्यांचा उपयोग कमी. हे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले की शुद्ध ऑक्सिजन लावूनही आकडा फारसा हलत नाही. जे रक्त फुप्फुसांत गेलेच नाही, त्याला नाकातली नळी काय देणार?

फुप्फुसात जाऊनही रिकामे परतणारे रक्त आणि हृदयातून परस्पर पलीकडे जाणारे रक्त, दोन्हींना डॉक्टर शंट म्हणतात. याहून वेगळा आणि जास्त आढळणारा प्रकार म्हणजे वायुकोश अर्धवट चालू असणे. तिथे हवा थोडी पोचते, त्यामुळे ऑक्सिजन वाढवला की आकडा झटकन वर येतो. म्हणूनच ऑक्सिजन लावल्यावर आकडा किती आणि किती वेगाने चढला, ही स्वतःच एक तपासणी असते. घरच्यांनी ती लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगितली तर उत्तमच.

याच हिशेबातून एक गोष्ट निघते, जिच्याकडे घरची मंडळी सहसा दुर्लक्ष करतात. परत येणाऱ्या रक्ताची पातळी ६५ ऐवजी ५५ झाली, तर ८८ चे ८५ होतात, आणि फुप्फुस किंवा हृदय यांत काहीही बदललेले नसते. परतणारे रक्त इतके रिकामे कशाने होते? ताप चढल्याने, अंगात हुडहुडी भरल्याने, धास्तीने, अंगात रक्त कमी असल्याने. शरीर जास्त ऑक्सिजन ओढते, म्हणून कमी परत येतो. तेव्हा ताप उतरवणे, रुग्णाला शांत ठेवणे, हिमोग्लोबिन पाहणे हे किरकोळ सोपस्कार नव्हेत. ऑक्सिजनच्या नळीइतकेच तेही उपचार आहेत.

व्हेंटिलेटरवर एक उलटीच गंमत घडते. मिटलेले वायुकोश उघडे राहावेत म्हणून यंत्र श्वास सोडल्यानंतरही छातीत थोडा दाब टिकवून ठेवते. अतिदक्षता विभागात त्याला पीप म्हणतात. बहुतेक रुग्णांत पीप वाढवला की ऑक्सिजन सुधारतो. पण तोच दाब फुप्फुसांतल्या वाहिन्यांवरही पडतो, उजव्या हृदयाचे काम आणखी जड होते, आणि पीएफओ असलेल्या रुग्णात पापुद्रा अधिकच उघडतो. पीप वाढवला आणि ऑक्सिजन चक्क खाली आला, तर अनुभवी डॉक्टरच्या मनात हृदयाचा संशय यायला हवा. फ्रान्समध्ये तीव्र श्वसन निकामीपणामुळे व्हेंटिलेटरवर असलेल्या २०३ रुग्णांची अशी तपासणी झाली होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ३९ जणांच्या हृदयातून, म्हणजे पाचातल्या जवळजवळ एकाच्या, रक्त उजवीकडून डावीकडे जाताना दिसले. म्हणजे ही दुर्मिळातली दुर्मिळ गोष्ट नाही.

बसले की दम, आडवे झाले की बरे

दम लागलेला माणूस उठून बसतो. दम्याचा रुग्ण असो की हृदय कमजोर झालेला, रात्री उशा रचून टेकून बसल्यावरच त्याला बरे वाटते. आपल्या घरांत दम लागलेल्याला आडवे होऊ देत नाहीत ते यामुळेच. पण काही थोडे रुग्ण नेमके उलटे सांगतात: बसलो की जीव घाबरा होतो, पडून राहिलो की बरे. ऑक्सिमीटर लावून पाहिले तर आकडाही तेच सांगतो, आडवे असताना ९४ आणि बसवल्यावर ८७.

घरच्यांना हे कण्हणे किंवा हट्ट वाटतो. ते तसे नसते. वैद्यकात या लक्षणाला प्लॅटिप्निया-ऑर्थोडिऑक्सिया असे जिभेला पीळ पाडणारे नाव आहे. नाव विसरले तरी चालेल, लक्षण विसरू नये. उभे किंवा बसते झाल्यावर हृदयाचा पडदा थोडा ताणला जातो, आणि पोटाकडून वर येणाऱ्या मोठ्या शिरेतला प्रवाह नेमका त्या फटीच्या रोखाने जातो. काही जणांत तर उजवीकडचा दाब फारसा वाढलेला नसतानाही रक्त असे पलीकडे जाते.

अर्थात हे लक्षण दिसले म्हणजे हृदयात फट आहेच असे नाही. कोविडमध्ये फुप्फुसांचे खालचे भाग जास्त खराब झालेले असले, तर बसल्यावर रक्त वजनाने त्याच भागांकडे उतरते आणि आकडा घसरतो. पालथे झोपवल्याने अनेकांचा ऑक्सिजन सुधारत असे, त्यामागेही हवा आणि रक्त यांची फुप्फुसातली वाटणी बदलणे हेच मुख्य कारण. शिवाय फुप्फुसातल्या काही वाहिन्या आजारात सैलावून रुंद होतात आणि रक्त त्यांतून ऑक्सिजन न घेताच निसटते, अशीही एक शक्यता आहे. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये व्हेंटिलेटरवरच्या १८ कोविड रुग्णांच्या शिरेत सूक्ष्म बुडबुडे सोडून पाहिले, तेव्हा १५ जणांच्या मेंदूकडच्या रक्तात ते पोचलेले आढळले. अठरा ही संख्या छोटी, तिच्यावरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही. पण ऑक्सिजन कमी होण्याच्या वाटा किती आहेत, हे त्यातून दिसते.

बुडबुड्यांची ही तपासणी मात्र मला फार आवडते. इतकी स्वस्त, इतकी साधी, आणि इतके स्पष्ट उत्तर देणारी चाचणी वैद्यकात क्वचितच सापडेल. दोन सिरिंज जोडायच्या, त्यांत थोडे सलाइन आणि अगदी थोडी हवा घ्यायची, इकडून तिकडे जोरात घुसळायचे आणि ते फेसाळ सलाइन हाताच्या शिरेत सोडायचे. छातीवर एकोचे यंत्र लावलेलेच असते. पडद्यावर उजवे कप्पे बुडबुड्यांनी पांढरे होतात. हे बुडबुडे फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांतून पार होण्याइतके लहान नसतात, तिथेच अडून विरून जातात. त्यामुळे डावा कप्पा काळाच राहिला पाहिजे. हृदयाच्या साधारण तीन ठोक्यांच्या आत डावीकडे बुडबुडे चमकले, तर वाट हृदयातच आहे. पाचेक ठोक्यांनंतर उशिरा आले, तर ते फुप्फुसातल्या रुंद वाहिन्यांतून आले असण्याची शक्यता जास्त. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला कुंथायला सांगून सोडायला सांगतात, त्या क्षणी लपलेली फटही उघडी पडते.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ‘एको नॉर्मल’ असा जुना कागद फायलीत असला म्हणून पीएफओ नाही असे ठरत नाही. साध्या एकोत पापुद्रा मिटलेला असतो आणि फट दिसत नाही. बुडबुडे सोडून पाहिले तरच ती कळते. कधी अन्ननलिकेतून एकोची नळी घालावी लागते. तेव्हा संशय असेल तर डॉक्टरांना विचारायचा प्रश्न ‘एको केला का?’ हा नसून ‘बुडबुड्यांचा एको केला का?’ हा आहे. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हृदयरोग विभाग आहे. म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात दाखल असलेल्या रुग्णाबाबत हृदयरोगतज्ज्ञाचे मत हवे, अशी विनंती नातेवाइकांनी नम्रपणे करायला काहीच हरकत नाही. डॉक्टर रागावतील ही भीती आपल्याकडे फार. नेमका प्रश्न विचारणाऱ्यावर चांगला डॉक्टर रागावत नाही, असा माझा अनुभव आहे.

फुप्फुसांचे आणखी एक काम आहे, ते सहसा सांगितले जात नाही. ती रक्त गाळतात. पायाच्या शिरेतून सुटलेली छोटी गुठळी फुप्फुसात अडकते आणि तिथे हळूहळू विरते. हृदयात वाट उघडी असेल तर तीच गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात करू शकते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ यूलिउस कोनहाइम याने १८७७ सालीच अशा उलट वाटेने गेलेल्या गुठळीचे वर्णन केले होते. विषाणूजन्य न्यूमोनियात माणूस दिवसेंदिवस खाटेवर, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढलेली, आणि उजवीकडचा दाब चढलेला. तिन्ही गोष्टी एकत्र येतात. पोटावर किंवा दंडावर रक्त पातळ करणारे इंजेक्शन का देतात, याचे एक कारण हेही.

दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले किंवा ग्रँड आयलंडजवळ बुडी मारणारे पाणबुडे याच गोष्टीकडे वेगळ्या कारणाने पाहतात. खोल पाण्यातून घाईने वर आले की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. एरवी फुप्फुसे ते गाळून टाकतात, पीएफओ असेल तर ते मेंदूपर्यंत जाऊ शकतात. पर्यटकांच्या उथळ बुडीला ही चिंता फारशी नाही. पण खोल बुडी मारणाऱ्याला वारंवार त्रास होऊ लागला तर डॉक्टर हृदयातली ही फट शोधतात.

पीएफओखेरीज हृदयात इतरही दोष लपलेले असू शकतात. त्यांतला मोठा म्हणजे एएसडी, वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातला जन्मजात दोष. यात पापुद्रा नसतो, पडद्यात खरेखुरे भोक असते. गाव ज्याला ‘हृदयात होल’ म्हणते ते बहुधा हेच, किंवा खालच्या कप्प्यांमधले. एएसडी असलेले मूल लहानपणी वारंवार सर्दी-खोकल्याने आजारी पडते, खेळताना लवकर दमते, आणि ‘अशक्त आहे’ एवढ्यावर विषय संपतो. चाळिशीपर्यंत निदान न झालेले लोक आजही सापडतात. एरवी त्यांच्या हृदयात रक्त डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे ऑक्सिजन कमी होत नाही आणि संशय येत नाही. न्यूमोनियात दाब उलटला की प्रवाहही उलटतो. वर्षानुवर्षे दाब चढत जाऊन प्रवाह कायमचा उलटला, तर ओठ आणि नखे निळसर राहतात, बोटांची टोके फुगीर होतात. तो फार पुढचा टप्पा.

मुलांसाठी आता बरे दिवस आहेत. हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळांत हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो. जन्मानंतर एक दिवस उलटला की बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावून पाहतात. आकडा ९५ किंवा वर आणि दोन्हींत तीनपेक्षा जास्त फरक नाही, म्हणजे ठीक. गंभीर दोष यात बरेच सापडतात, पीएफओ मात्र सापडत नाही, आणि त्या वयात तो शोधायचीही गरज नसते. २०१३ पासून देशभर चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत हृदयाचे दोष येतात. शाळेत पथक आले की त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

फट सापडली, पुढे काय?

बहुतेक वेळा ती बुजवत नाहीत. उपचार फुप्फुसांचाच होतो, फक्त त्याची दिशा थोडी बदलते. पीप शक्य तितका कमी ठेवतात, शरीरात साठलेले जादा पाणी काढतात, गुठळ्यांवर लक्ष ठेवतात, काही ठिकाणी फुप्फुसांच्या वाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू श्वासावाटे देतात. शिरेतल्या सलाइनच्या नळीत हवेचा बुडबुडा राहू नये याची जास्तच काळजी घेतात, कारण एरवी निरुपद्रवी असलेला बुडबुडा आता मेंदूकडे जाऊ शकतो. न्यूमोनिया ओसरला, दाब उतरला की पापुद्रा पुन्हा दाबून बसतो आणि आकडा सावरतो.

मांडीच्या शिरेतून नळी नेऊन छत्रीच्या आकाराचे छोटे उपकरण बसवून फट बंद करता येते. ऑक्सिजन काही केल्या सुधारत नसलेल्या मोजक्या रुग्णांत आजारपणातच ते करावे लागले आहे. पण घाई धोक्याची असते. उजवीकडचा दाब फारच चढलेला असेल, तर ती फटच कधीकधी हृदयाला थोडी मोकळीक देत असते. ती बंद केली तर उजवे हृदय कोलमडू शकते. तेव्हा ‘भोक आहे ना, मग बुजवा’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

ऑक्सिमीटरवरही आंधळा विश्वास नको. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली शोधलेली ही युक्ती लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून आरपार पाठवून चालते. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले. त्यांचे यंत्र जगभर घरोघरी पोचत होते नेमके तेव्हा. गार पडलेले बोट, नेलपॉलिश, हलणारा हात यांनी आकडा चुकतो. गडद त्वचेत तो खऱ्यापेक्षा जास्तही दिसू शकतो, हे २०२० च्या अखेरीस अमेरिकेतल्या रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आले. इस्पितळात म्हणूनच धमनीतून रक्त काढून खात्री करतात. तो सुईचा त्रास अनावश्यक नसतो.

घरी रुग्ण असेल तर करण्यासारखे इतकेच. आकडा लिहिताना शेजारी वेळ लिहा, रुग्ण बसलेला होता की आडवा ते लिहा, ऑक्सिजन चालू होता की नव्हता आणि किती लिटर ते लिहा, ताप किती होता ते लिहा. ९४ च्या खाली आकडा टिकून राहिला तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. ९० च्या खाली गेला तर १०८ ला फोन करा. घरात कुणाला तरुण वयात पक्षाघात झाला असेल, रुग्णाला लहानपणी ‘हृदयात आवाज आहे’ असे कुणी सांगितले असेल, तर ती जुनी गोष्ट आठवून सांगा. केसपेपर लिहिणाऱ्या तरुण डॉक्टराला ती तुमच्याशिवाय कोण सांगणार?

आणि ज्याला काहीच त्रास नाही, त्याने पीएफओ शोधत फिरू नये. चारातल्या एकात ही फट सापडेल, सापडल्यावर करायचे काहीच नसेल आणि फुकटची चिंता मात्र घरी येईल. साठीच्या आत पक्षाघात झाला आणि दुसरे कारण सापडले नाही, तर फट बंद केल्याने काहींना फायदा होतो, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांतून दिसले आहे. न्यूमोनियात जिचा संशय आला किंवा जी सापडली, त्या फटीबाबत रुग्ण पूर्ण बरा झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी शांतपणे पुन्हा बुडबुड्यांचा एको करावा. तेव्हा उजवीकडचा दाब नेहमीसारखा असेल, आणि बसल्या-चालल्यावर आकडा घसरत नसेल, तर ती तशीच राहू द्यावी.